वालाची वेल आणि हळदीचे दोरे

फार फार पूर्वीची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि गावाच्या उगवतीच्या टोकाला मथीच्या आईचं घर होतं. सकाळी सडा घालताना, दुपारी तांदूळ निवडताना तिला आपला नवस आठवे.

आदल्या वर्षी मथीचे, तिच्या सहा वर्षांच्या लेकीचे, डोळे आले होते. पापण्या चिकटल्या, पुढचं दिसेनासं झालं. तेव्हा आईने अंगणात पदर पसरला. "सूर्यनारायणा, माझ्या लेकीला तुझा उजेड दिसू दे. मी माझ्या हाताने वालाची वेल लावीन, आणि रथसप्तमीला तिच्या पहिल्या शेंगा तुला वाहीन."

देवाने ऐकलं. मथीला दिसू लागलं. पाऊस सरत आला तशी आईने अंगणात वाल पेरले, काटक्यांचा मांडव केला. बघता बघता वेल मांडवावर चढली. पौष लागला आणि जांभळ्या कळ्यांचे तुरे डोलू लागले.

पौषातला पहिला आदित्यवार होता. आई दुपारचं अर्घ्य द्यायला बाहेर आली आणि थबकली. सकाळी ओंजळीसारखी पसरलेली वेलीची पानं आता उभी झाली होती. सूर्याकडे नुसती त्यांची कड होती.

"अगं बाई," ती कळवळली, "देव डोक्यावर आला आणि तू तोंड फिरवतेस?"

तिने हळदीत भिजवलेले दोरे आणले. एकेक पान हलक्या हाताने सपाट केलं, काटकीला बांधलं. तोंडाने नामजप चालू होता. मनात कपट नव्हतं हो, मायाच होती सगळी.

मथी उंबऱ्यावर बसून बघत होती. उन्हाने तिचे डोळे बारीक झाले, तिने मान वळवली.

"तूसुद्धा?" आई म्हणाली. "ज्याने डोळे दिले त्याच्याकडे बघायचा कंटाळा? ये, इथे पाटावर बस. वर बघ, नमस्कार कर."

"आई, टोचतंय गं."

"टोचत नाही, देव बघतोय तुझ्याकडे."

पोर शहाणी. आई सांगते म्हणून रोज दुपारी पाटावर बसू लागली. थंडीचे दिवस, ऊन अंगाला गोड लागे. त्यात काही वावगं असेल असं आईच्या मनातही आलं नाही.

चौथ्या दिवशी वेलीच्या पानांवर पांढुरके डाग पडले. सहाव्या दिवशी पानं कागदासारखी वाजू लागली, कळ्या गळून खाली जांभळा सडा पडला. आणि त्याच सकाळी मथी उठली ती गुंजेसारखे लाल डोळे घेऊन.

"आई, दिवा लाव ना. अंधुक दिसतंय."

बाहेर लख्ख उजाडलं होतं. आई तिला धरून उंबऱ्यापाशी आली.

तेवढ्यात देवाला फुलं द्यायला म्हातारी माळीणमावशी आली. मांडवाकडे बघून म्हणाली, "काय गं, चोर पकडलास की काय? वेलीला बांधून घातलंस ते!"

"मावशी, थट्टा नको. देवाकडे पाठ करत होती ती."

"आणि ही पोर? हिलाही बांधलंस वाटतं?" मावशीने मथीला जवळ घेतलं, डोळे बघितले आणि तिची थट्टा विरली. "आधी हिला माजघरात ने. डोळ्यांवर गार पाण्याची घडी ठेव. आणि वेलीचं म्हणशील तर मला विचारू नकोस. जिला बांधलंस तिलाच विचार."

मथीला सावलीत निजवून आई मांडवाखाली आली. तिला रडू आवरेना. "वेली, माझं काय चुकलं? मी तर देवाचा उजेड तुझ्या पदरात घालत होते."

वेल हळूच बोलली. "बाई, पाठ नव्हती फिरवली मी, नुसती कड दिली. सकाळी देव कोवळा असतो तेव्हा मी पान पसरते. माझ्या पानात हिरव्या चुली आहेत, त्याच्याच उजेडावर मी अन्न रांधते. पण चुलीत सगळी मोळी एकदम सारली तर काय होतं?"

"भांडं करपतं. चूलही तडकते."

"म्हणून ऊन चढलं की मी पान उभं करते. आतल्या चुली कडेला सरकतात, एकमेकींच्या सावलीत उभ्या राहतात. पानात थोडा पिवळा रंग जपून ठेवलाय. उरलेला उजेड त्याच्या मदतीने ऊब होऊन वाऱ्यावर जातो. तरी एखादी चूल तडकतेच, ती मी सावकाश लिंपून घेते. तू बांधलंस आणि लिंपायला सवडच उरली नाही गं. त्यात ही थंडी, हात आखडलेले."

"पण देवाने दिलेलं परत करायचं? त्याचा अपमान नाही का?"

"रथसप्तमीला तू बोळक्यात दूध तापवतेस. ते पूर्वेला उतू जातं, तो अपमान असतो का?"

आईने उगवतीकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही. तोच तर मान."

"माझंही तेच आहे, बाई. बोळक्याएवढं माझं, उतू जाईल ते त्याचं."

आईने एकेक गाठ सोडली. जे पान अजून हिरवं होतं ते आधी थरथरलं, मग हळूहळू कडेवर वळलं.

मथी आठ दिवस माजघरात होती. आई तिच्या उशाशी बसून घडी बदलत राही. नवव्या दिवशी मथी म्हणाली, "आई, तुझ्या नाकाला पीठ लागलंय," आणि आई हसता हसता रडली.

करपलेली पानं काही हिरवी झाली नाहीत, ती गळूनच गेली. पण शेंड्याला कोवळं पान फुटलं, एक उशिराचा तुरा टिकला. रथसप्तमीपर्यंत त्याला मोजून तीन शेंगा आल्या. आईने परडीभर शेंगांचं स्वप्न बघितलं होतं. तिने त्या तीन शेंगा तुळशीपुढे ठेवल्या, गोवऱ्यांवर बोळकं चढवलं. दूध फुगलं, काठावर आलं आणि सरळ पूर्वेला उतू गेलं.

मथीने कपाळावर आडवा हात धरला, क्षणभर उगवतीकडे पाहिलं, आणि पापण्या मिटून हात जोडले.

"आई, मला सात घोडे दिसले!"

"कुठे गं?"

"डोळे मिटल्यावर."

आईने या वेळी तिला डोळे उघड म्हटलं नाही.

म्हणून मुलाबाळांनो, लेकीसुनांनो, एवढं ध्यानात ठेवा: कृपा झेपेल तेवढीच घ्यावी, आणि उरलेली नम्रपणे उतू जाऊ द्यावी.

मथीच्या आईने गाठी सोडल्या. तुम्हीही आज, ज्याच्यावर फार माया आहे त्याची, मायेने बांधलेली एखादी गाठ सोडा.