हिवरठाणची अर्ध्या स्तोत्राची विहीर

किती वर्षं झाली ते विचारू नका. हिवरठाणच्या ख्रिस्ती वस्तीत तेव्हा प्रार्थनामंदिरही नव्हतं, लिंबाखालीच उपासना व्हायची. लागोपाठ दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलं होतं आणि लुकस वस्तीसाठी विहीर खणत होता. पस्तीस हात खाली गेला तरी ओल नाही. त्याची बायको सारजा मातीचं टोपलं वर ओढायची आणि रोज वाकून विचारायची, "अवो, लागलं का काही?"

"दगड लागलाय, दगड!" खालून उत्तर यायचं.

एका सकाळी विहिरीची कड ढासळली.

लुकस दोन दगडांच्या आडोशाला जिवंत अडकला. वरून माती उपसावी तर तीच त्याच्या अंगावर जाणार. म्हणून गडी बाजूनं वाट खणू लागले. सारजा काठाशी कान देऊन बसली. इतक्यात खालून स्तोत्र ऐकू आलं.

"साह्य त्याच्याकडून येतं, ज्यानं आभाळ-धरती केली."

एवढं म्हणून लुकस थांबला. उपासनेची रीतच तशी होती. एक ओळ पाळकसाहेबांनी वाचायची, पुढची सगळ्यांनी म्हणायची. वाचता कुणालाच येत नव्हतं, त्यामुळे अख्ख्या वस्तीला स्तोत्र पाठ होतं ते निम्मंच. लुकस पाळकसाहेबांच्या ओळीची वाट बघत होता आणि पाळकसाहेब दहा कोसांवरच्या गावी गेलेले. ती शांतता सारजेला सोसवेना. ती आभाळाकडं बघून ओरडली, "देवा, माझा मानूस मातीखाली हाय. तुला दिसत न्हाई का?"

"तो डुलकी घेत नाही, झोपत नाही," खालून आवाज आला.

"मंग त्याला एकदा तरी ऊन दाव!"

"दिवसा तुला ऊन बाधणार नाही."

तीन दिवस हे चाललं. ती देवाशी भांडायची, तो आपली ओळ म्हणायचा. असं म्हणतात, जोवर ओळीला ओळ मिळत होती, तोवर एक खडासुद्धा हलला नाही. गडी हातभर अंतरावर पोचले. सारजेचा घसा पार बसला होता. ती कशीबशी म्हणाली, "देवा, यांना सोडून मी घरी कशी जाऊ?"

"तुझ्या जाण्यायेण्यावर तो नजर ठेवील, आत्ता आणि कायमची."

स्तोत्र तिथं संपतं. तो पुन्हा पहिल्यापासून धरील म्हणून सारजा थांबली. आवाज आला तो पाण्याचा. गडी जीव घेऊन वर आले, आणि लुकस आला तो पाण्यावर तरंगत.

त्या पाण्यानं वस्ती जगली. सारजेनं मात्र ते कधी तोंडाला लावलं नाही. रोज काठावर येऊन ती देवाला जाब विचारायची आणि असं म्हणतात, पाण्यातून ओळ यायची. कुणी विचारलंच, की एवढं होऊन देवाशी बोलतेस कशी, तर म्हणायची, "भांडायला दुसरं कोन हाय मला? तीन दिस आमा दोघांला त्यानंच धरलं. नंतर का सोडलं, ते इचारते."

आता हिवरठाणात सगळ्यांना वाचता येतं. तरी दर वर्षी, लुकस गेला त्या दिवशी, विहिरीपाशी उपासना होते आणि पाळकसाहेब पुस्तक मिटून गर्दीत उभे राहतात. त्यांच्या ओळीच्या जागी ज्याला दुःख आहे त्यानं पुढं येऊन आपलं बोलायचं, आणि बाकीच्यांनी स्तोत्राची ओळ द्यायची. मागच्या खेपेला एक बाई पुढं आली, पण तिला बोलताच येईना. नुसती उभी राहिली. सगळे थांबले, खूप वेळ थांबले, आणि मग तिलाही ओळ दिली.