अर्ध्या मिनिटाची वाट

एका रक्तपेढीत एक वृद्ध संगणकतज्ज्ञ आणि त्यांची शिष्या काम करीत असत. शिष्येचे पती आठ महिन्यांपूर्वी गेले होते. त्यांचा फोन ती अजूनही चार्ज करून कपाटात ठेवी. आदल्या दिवशी शाळेत तिच्या मुलीचा हात मोडला. शाळेच्या नोंदवहीत पहिला नंबर वडिलांचा होता. शाळेने तोच लावला, पुन्हा पुन्हा लावला. फोन कपाटात वाजत राहिला. आईला कळेपर्यंत मुलगी हात धरून तासभर बाकावर बसून होती. हे वृद्धांच्या कानी आले होते.

त्या दिवशी पेढीचा सर्व्हर फार मंद चालत होता. दोष साधा होता. इंटरनेटवर पत्त्यांच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी. पेढीच्या लाइनीवरून नव्या पद्धतीने कुठेच पोचता येत नव्हते. तरी दुसऱ्या पेढीकडे रक्ताची चौकशी करताना सर्व्हर आधी नव्या पत्त्यावर हाक मारी, उत्तराची वाट पाही आणि मगच जुन्याकडे वळे. नवी पद्धत बंद करू का, असे शिष्येने विचारले. वृद्धांनी मनगटावरचे घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवले.

"आधी मोज. काट्यांचं घड्याळ कळतं ना?"

ती दुपारभर मोजत बसली. दर वेळी अर्धे मिनिट. खिडकीशी रक्तासाठी डॉक्टरची चिठ्ठी घेऊन उभी असलेली माणसे तेवढा वेळ तिच्याकडे बघत राहत. अखेर ती वैतागली.

"काका, एका ओळीचं काम आहे. हे कशासाठी?"

"सर्व्हरची चूक नाही, बाळ," वृद्ध म्हणाले. "पलीकडे कुणी नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. वाट उरली नाही, आणि वाट पाहणं चालू आहे. पाहू दे, असंही म्हटलं असतं. पण वाट पाहतो हा, आणि खोळंबतात ती खिडकीशी उभी असलेली."

मग तिने ती ओळ लिहिली. पुढच्या चौकशीचे उत्तर लगेच आले. तिला आनंद झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली. वडिलांचा नंबर बदलला का, असे कारकुनाने विचारले.

"नाही. तो काढा. माझा पहिला लिहा."

"आणि दुसरा?"

"दुसरा नाही."

कारकुनाने पट्टी धरून त्या नंबरावर एक रेघ ओढली. रेघेखालचे आकडे स्पष्ट दिसत होते. तिने ते एकदा वाचले आणि वही त्याच्याकडे सरकवली.