येसबाचं बधिर करणारं मलम

कुठल्याशा गावात येसबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. अडचण तेवढीच होती.

एकदा त्याची दाढ ठणकली. दाताच्या डॉक्टरांनी हिरडी बधिर करणारं मलम दिलं. म्हणाले, "दुखेल तिथे लावा."

दाढ दुखायची राहिली. चार दिवसांनी त्याची पांढरी मांजर, पिठी, तारेच्या कुंपणात पंजा कापून घेऊन आली. दुखत तर होतंच. येसबाने उरलेली सगळी ट्यूब पंजावर पिळली. पिठीने पंजा चाटून लख्ख केला.

थोड्याच वेळात तिची लाळ गळायला लागली. पाय थरथरले, हिरड्या मातकट पडल्या, ती आडवीच झाली. येसबाला रडू फुटलं. तिला छातीशी धरून तो जनावरांच्या दवाखान्याकडे पळत सुटला.

डॉक्टरीणबाईंनी पंजा धुतला, ऑक्सिजन दिला, सलाइन लावलं. संध्याकाळी पिठी बारीक आवाजात ओरडली, तेव्हा कुठे येसबा बाकावर टेकला.

"काका, माणसाचं हे औषध मांजराला विषासारखं बाधतं. आणि अंगाला लावलेलं ती चाटणारच. चाटू द्यायचं नाही!"

"नाही देणार," येसबा म्हणाला.

आठवड्याभरात गाय व्याली. ओल्या वासराला चाटायला लागली. येसबाने धावत जाऊन तिच्या तोंडाला मुसकं बांधलं.

"अहो, आई आहे ती त्याची!" बायको गोदू ओरडली.

"असू दे. चाटू द्यायचं नाही."

गोदूने मुसकं सोडलं आणि बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "काका, आता घरच्या घरी काही करू नका. लाळ गळली, पाय थरथरले, की थेट इकडे आणा. वजनही करून आणा. औषध किती द्यायचं ते वजनावर ठरतं."

"आणतो."

रविवारी सासरे आले. मटणावर ताव मारून ओसरीवर घोंगडीत झोपले. तोंड उघडं. लाळ उशीवर. घोरता घोरता पाय थरथरत होते. गोदू शेजारी गेली होती.

येसबाने सासऱ्यांना घोंगडीसकट हातगाडीवर घातलं. वाटेत ते जागे झाले.

"जावईबापू, कुठे नेताय मला?"

"मामा, बोलू नका. तुम्हाला बाधलंय."

रेशन दुकानातल्या काट्यावर त्यांना चढवलं, उतरवलं आणि गाडी दवाखान्यात आणली. तिथे दोन शेळ्या आणि एक कुत्रा रांगेत होते.

"काका, आज कोणाला आणलंत?" बाईंनी विचारलं.

"सासरे आहेत," येसबा धापा टाकत म्हणाला. "एक्क्याऐंशी किलो. घोंगडीचे दोन वजा केलेत."