कोरड्या पायांची सभा

मुलांनो, एका जंगलातल्या तळ्यात एक म्हातारे कासव राहत असे. जंगलातल्या सगळ्या प्राण्यांची सभा त्याच तळ्याकाठी भरे. प्रस्ताव मान्य असेल त्याने पाण्यात उतरायचे, नसेल त्याने काठावरच थांबायचे, अशी तिथली मतदानाची रीत होती. ओले पाय मोजण्याचे काम कासवाकडे होते. मोजून झाल्यावरही आपले काही चुकले तर नाही ना, अशी धाकधूक त्याला लागून राही.

एकदा हिवाळ्यातल्या सभेत माळावरचा गवा चिडून म्हणाला, "कासवआजोबा, ही पाणमांजरं लव्हाळ्यातले निर्णय घरच्या घरी घेतात. तिथे आम्हाला कोण विचारतं? मग आमच्या माळाच्या गोष्टीत यांनी पाय का भिजवावेत?"

"तुमचा कळप उतरला की तळ्यात आम्हाला जागाच कुठे उरते!" पाणमांजरीने टोमणा मारला. सगळे हसले. कासव मात्र हसले नाही, कारण गव्याचे म्हणणे त्याला रास्त वाटले होते. पुष्कळ विचार करून त्याने नियम केला : माळाच्या प्रश्नावर फक्त गव्यांनी मत द्यावे, आणि प्रश्न माळाचा की सर्वांचा, हे कासवाने सांगावे.

पुढच्याच सभेत गव्यांनी प्रस्ताव मांडला. माळावरून वाहणारा ओढा अडवून त्यांना लोळायला डबके करायचे होते. पाणमांजरी कासवाजवळ सरकली. "आजोबा, तोच ओढा तळ्यात येतो हो. माझी पिल्लं अजून लहान आहेत, तळं आटलं तर त्यांना कुठे नेऊ?"

तिचे म्हणणे कासवाला पटत होते. पण ओढा माळावर होता, नियम त्याने स्वतःच केला होता, आणि पहिल्याच वेळी शब्द फिरवला तर सभा काय म्हणेल? "प्रश्न माळाचा," ते पुटपुटले. गवे धबाधब पाण्यात उतरले. पाणमांजरी कोरड्या पायांनी काठावर उभी राहिली.

चैत्र सरता सरता तळ्याचा नुसता चिखल उरला. पिल्लांना तोंडात धरून नेण्यापूर्वी पाणमांजरी एवढेच म्हणाली, "आता मोजायला सोपं जाईल, आजोबा." तिच्यामागोमाग बाकीचेही गेले. वैशाखात ओढा आटला आणि माळावरचे उथळ डबकेही आटले. खोल तळ्यात साठले असते ते पाणी उन्हाने पिऊन टाकले होते.

तहानलेला गवा धापा टाकत खाली आला. "आजोबा, सभा बोलवा! पाऊस यायच्या आत ओढा पुन्हा तळ्याकडे वळवायचा. हा प्रश्न आता सगळ्यांचा आहे!"

"सगळे आहेत कुठे, बाळा?" कासव म्हणाले.

गव्याने होकारासाठी पाऊल पुढे टाकले. ते भेगाळलेल्या मातीवर पडले. कासवाने सवयीने त्याच्या खुरांकडे पाहिले आणि मान कवचात ओढून घेतली.

तात्पर्य : एखादा प्रश्न एकट्याचा आहे असे ठरवताना तो कोणाच्या दारात उभा आहे एवढेच पाहू नये, त्याची झळ कोणाकोणापर्यंत पोचेल, हेही पाहावे.