दारावरचे चेअरमन

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दूध संघाचे चेअरमन संपतराव पिकअप घेऊन शेवंताच्या वॉशिंग सेंटरवर आले. तिच्या हातातला शॅम्पू पाहून खेकसले, "हे चोचले कशाला? धुण्याची पावडर टाक अन् तारेच्या घासणीनं घास. पत्र्याला काय कळतंय?"

शेवंताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या दसऱ्याला याच हट्टापायी गाडीचा रंग खरवडला होता आणि या गृहस्थाने गावभर तिच्या नावाने शिमगा केला होता.

तिने शॅम्पूची बाटली खाली ठेवली, घासणी पावडरीत बुडवली आणि गाडीच्या दारावर चिकटवलेल्या संपतरावांच्या हसऱ्या फोटोवर टेकवली.

"अगं ए! तोंड खरवडेल माझं!"

"खरवडू द्या की! पत्र्याला काय कळतंय? वर गावभर माझंच नाव सांगा, गेल्या वर्षीसारखं!"

संपतरावांनी शॅम्पूची बाटली उचलून तिच्या हातात दिली.