गोगीचं लाल छप्पर

एक होती गोगलगाय. तिचं नाव गोगी. केवढी? हरभऱ्याएवढी. कुंडीत राहायची, बिगोनियाच्या पानाखाली.

ही बिगोनिया भारी देखणी बरं का! अंगावर आईचे चंदेरी ठिपके. पानामागे बाबांचा लाल रंग. दोघांकडचं घेऊन आलेली लाडूबाई.

एकदा घरातली माणसं गावाला गेली. जाताना पडदा ओढला. दार लावलं. आणि आठ दिवसांचं पाणी कुंडीत एकदम ओतलं. आता काय म्हणावं यांना!

घर झालं अंधारं. घर झालं गार. स्टुलावरच्या कुंडीखालची बशी भरली. फरशीवर पाणी गळू लागलं. टप… टप… टप…

एका दुपारी गोगीचं पान गळलं. फत्. छप्परच गेलं! गोगीला रडू आलं.

"बिगोनियाताई, मला नवं पान दे."

बिगोनिया कुजबुजली, "पाय गारठले गं. पाणी आटेल, तेव्हा पान देईन."

गोगी निघाली. सुळुक सुळुक. बशीपाशी आली. बशीत पाणी काळं काळं. पाण्यातून कोणीतरी वर बघत होतं. त्यालाही दोन शिंगं होती. गोगी दचकली.

"पाणी, पाणी, आट.
पाणी आटेना,
बिगोनिया पान देईना,
गोगीला छप्पर नाही."

पाणी म्हणालं, "ऊन येईल, तेव्हा आटेन."

सुळुक सुळुक. ऊन खिडकीबाहेर उभं होतं. काचेला नाक लावून.

"ऊन, ऊन, ये.
ऊन येईना,
पाणी आटेना,
बिगोनिया पान देईना,
गोगीला छप्पर नाही."

ऊन म्हणालं, "पडदा सरेल, तेव्हा येईन."

सुळुक सुळुक. पडदा उंच उंच. वारा नव्हता. तरी पडदा हलला. सळ्ळ! मागे कोणीच नव्हतं.

"पडद्या, पडद्या, सर.
पडदा सरेना,
ऊन येईना,
पाणी आटेना,
बिगोनिया पान देईना,
गोगीला छप्पर नाही."

पडदा हळूच म्हणाला, "हात येईल, तेव्हा सरेन. हात आण."

आता हात कुठून आणायचा? गोगी दाराखालून बाहेर आली. शेजारी मंदाकाकू मेथी निवडत होत्या. या घराची किल्ली त्यांच्याकडेच होती.

"काकू, काकू, या.
काकू येईनात,
पडदा सरेना,
ऊन येईना,
पाणी आटेना,
बिगोनिया पान देईना,
गोगीला छप्पर नाही."

काकू मागे सरकल्या. "नको गं बाई. त्या घरात कोणीतरी आहे. सारखं टप टप करतं. ते गप्प बसेल, तेव्हाच येईन."

घरात कोणीतरी? गोगीनं शिंगं आत ओढली. पण छप्पर तर हवंच ना. ती परत आत गेली. अगदी एकटी.

टप… टप… जवळ आलं. टप… टप… अजून जवळ आलं. टप! गोगीच्या शिंगावरच पडलं. अगं बाई, हा तर बशीचा थेंब!

गळलेलं पान तिथंच होतं. गोगीनं ते ढकललं. हुश्श हुश्श. थेंबाखाली सरकवलं. थेंब मऊ मऊ पानावर पडला. आवाज नाही. दुसरा पडला. आवाज नाही. सगळं घर गप्प.

मग कुलूप वाजलं. खट्! दार किरकिरलं. कर्रर्र! दारातून आत आला… एक हात. हातात हिरव्या बांगड्या. हातामागून काकू.

काकूंनी पडदा सारला. सर्रर्र!
पडदा सरला, ऊन आलं.
ऊन आलं, पाणी आटलं.
पाणी आटलं, बिगोनियाचे पाय सुकले.
पाय सुकले, बिगोनियानं पान दिलं. इवलंसं, गुंडाळलेलं, पाठीला लाल लाल.
गोगीला छप्पर मिळालं.

आणि ते गळलेलं पान? पडदा सारल्यावर काकूंनी ते उचललं, तर थेंब वाजला, टप! मग त्यांनी ते ओलसर मातीवर ठेवलं. एवढ्याशा थेंबाला आपण भ्यालो, म्हणून स्वतःशीच हसल्या. काही दिवसांनी त्या पानालाही फुटल्या चिमुकल्या बिगोनिया.

गोगी छपराखाली गुडुप झोपली. ऐका बरं, काही वाजतंय?

नाही ना? मग तुम्हीही झोपा.