तिसरी हाक

“सगळ्यांत आधी काय खटकलं तुला?” आबांनी विचारलं.

“आवडू आजी उठली, ते.”

“त्याच्या आधी?”

“आधी काही नाही, आबा. सगळे गप्प होते. मला वाटलं, रंगलंय. मग ती पहिल्या रांगेतून उठली. अंगावरची शाल काढली आणि सरळ माझ्या चित्राकडे…”

“मग?”

“मी दचकले. चित्र छातीशी धरलं. ओरडले, ‘झाकायचं नाही! हात लावायचा नाही!’ मग देवस्थान समितीचे लोक उठले, आणि…”

पुढचं अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

झिलू आबा आमच्या गावातले शेवटचे चित्रकथी. एकेक चित्र लोकांसमोर धरायचं आणि त्यामागं बसून कथा गायची, हे त्यांच्या घराण्याचं काम. कोल्हापुरातून चित्रकलेची पदवी घेऊन आले आणि मी त्यांच्याकडे शिकायला बसले. दोन वर्षांनी परवा पहिल्यांदा त्यांनी कथा माझ्यावर सोपवली. द्रौपदीवस्त्रहरण.

त्यात मी माझं एक चित्र घातलं. लुगडं संपलेलं. द्रौपदी उघडी. सभा खाली मान घालून बसलेली. कृष्ण कुठंच नाही.

मी पिशवीतून कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

“चित्र फाडून टाकते, असं लिहून द्यायचंय. आज पाचच्या आत. नाहीतर गुन्हा नोंदवणार म्हणाले हवालदार. अश्लीलता, भावना दुखावणं… आई सकाळपासून जेवली नाहीये. म्हणते, सही कर आणि मोकळी हो.”

“आणि तू काय म्हणतेस?”

आबा मालवणी सोडून छापील मराठी बोलायला लागले की समजायचं, रागावलेत. आज ते पहिल्यापासून छापीलच बोलत होते.

“कुणाच्या भावना विचारून चित्र काढायचं का, आबा?”

“नाही.”

इतक्या लवकर ते ‘नाही’ म्हणतील असं वाटलं नव्हतं.

“म्हणजे… सही नको करू?”

“कर की. फक्त फाडताना जपून फाड. पाठीवर माझ्या आजोबांचा कृष्ण आहे.”

…

पोथीतली, म्हणजे एका कथेच्या संचातली, चित्रं पाठीला पाठ चिकटवलेली असतात. एक तोंड लोकांकडे, दुसरं गाणाऱ्याकडे. आबांच्या आजोबांच्या जुन्या चित्राची पाठ कोरी राहिली होती. मी त्यावर माझं चित्र चिकटवलं होतं. न विचारता.

“गाताना तुझ्यासमोर काय होतं?”

“कृष्ण… आणि लुगड्यांचा ढीग.”

“आणि त्यांच्यासमोर?”

मी शेजारी ठेवलेलं चित्र उलटं केलं.

“ये. इकडे खाली बस.”

आबांनी चित्र उचललं आणि त्यामागं बसले. आता ते दिसेनात. दिसत होती फक्त ती.

चार महिने मी तिला टेबलावर ठेवून रंगवली होती, वरून खाली बघत. जमिनीवर बसून, मान वर करून कधी बघितलीच नव्हती. तिचं तोंड उघडं होतं. ते तोंड काढायला मी तीन केसांचा कुंचला वापरला होता… आणि आता ती माझ्याकडेच बघत होती. या सगळ्या सभेत फक्त माझ्याकडे.

“हात कुठं चाललाय?” चित्राच्या कडेनं डोकावत आबांनी विचारलं.

मी खाली बघितलं. माझी ओढणी अर्धी खांद्यावरून उतरली होती.

“झाकतेस?”

“नाही! मी तिला… म्हणजे…”

…

“आपल्या कथेत ती किती हाका मारते?”

“तीन.”

“ओ कोण देतं?”

हे गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. तिसऱ्या हाकेला ऐकणाऱ्यांतलंच कुणीतरी कृष्णाच्या वतीनं ओ देतं, ‘इलंय गो बाय, इलंय!’ कुणी द्यायची ते ठरलेलं नसतं. ज्याला राहवत नाही, तो देतो. ‘आलो गं बाई, आलो,’ असं ओरडतो आणि मगच कथा पुढं सरकते.

“परवा मी ती ओ बंद केली होती,” मी म्हटलं. “माझ्या चित्रात कृष्ण येत नाही ना. सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलं, आज कुणी ओ द्यायची नाही.”

“आवडूला ऐकू कमी येतं,” आबा म्हणाले.

…

म्हणजे ती शाल घेऊन ओ द्यायला उठली होती?

“पण आबा, तक्रार तिच्याच नावानं आहे! ‘वृद्ध महिलेने लज्जित होऊन चित्र झाकण्याचा प्रयत्न केला.’ खाली अंगठा आहे तिचा.”

“तू विचारलंस तिला?”

“नाही.”

“समितीनं?”

आबांनी चित्र कापडात गुंडाळलं, वर तो कागद ठेवला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं.

“जा.”

“काय विचारू तिला?”

“मला काय माहीत? चित्र तुझं.”

आवडू आजीचं घर वहाळाच्या पाण्यापलीकडे. दार अर्धं लोटलेलं होतं. साडेचार होऊन गेले होते.

“आजी!”

पायरीखालून कुत्रा उठला. चित्र हातातून सुटता सुटता राहिलं.

“आवडू आजी!”

आत कुठंतरी भांडं वाजलं. बस, तेवढंच. परत फिरावं असं वाटलं. सही करावी, घरी जावं, आईला जेवायला वाढावं.

तिसरी हाक आली ती ओरडून नाही, गाऊनच. परवा जशी मारली होती, त्याच सुरात.

…

आतून काठीचा आवाज आला. मग तिचा.

“इलंय गो बाय… इलंय.”